सर्व्हरवरची सिक्युरिटी पॉलिसी ‘गायब’ झाली तर आधी काय तपासायचे

पणजीच्या मुख्य कार्यालयातून ग्रुप पॉलिसी (एका जागेवरून सगळ्या विंडोज संगणकांना लावायचे नियम) लावलेली असते: एसएमबी साइनिंग (फाइलींच्या देवाणघेवाणीवर डिजिटल सही) सक्तीचे, जुने एनटीएलएम (ओळख पडताळण्याची जुनी पद्धत) बंद, लॉगिनच्या यशाची-अपयशाची नोंद चालू, रिमोट डेस्कटॉपने आत यायचा हक्क ठरावीक गटालाच. म्हापशाच्या शाखेतला सर्व्हर हे सगळे पाळतो. मडगावचा निम्मेच पाळतो आणि तिसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवर तर सेटिंगची ओळच दिसत नाही. तिन्ही ठिकाणांहून फोनवर मात्र एकच वाक्य ऐकू येते, ‘पॉलिसी गेली’.

या एका वाक्यामागे तीन वेगळे बिघाड असू शकतात. सेटिंग खिडकीत दिसत नाही, पण लागू असते. किंवा ते सर्व्हरपर्यंत पोचलेलेच नसते. किंवा पोचलेले असते, पण सर्व्हरने नाकारले किंवा दुसऱ्या पॉलिसीने झाकले. कोणता बिघाड आहे हे ठरवल्याशिवाय जीपीअपडेट /फोर्स (पॉलिसी लगेच पुन्हा लावायची आज्ञा) वीस वेळा चालवण्यात अर्थ नाही. पहिल्या प्रकारात त्याने काहीच होत नाही, दुसऱ्यात बहुधा तीच चूक पुन्हा येते.

(खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे वापरा.)

पहिला अहवाल

बाधित सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि चालवा:

जीपीरिझल्ट /स्कोप कंप्युटर /एच सी:\टेम्प\अहवाल.एचटीएमएल

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडणे इथे महत्त्वाचे आहे. साध्या खिडकीतून जीपीरिझल्ट चालवले, तर संगणकाचा भाग मिळतच नाही, फक्त वापरकर्त्याचा मिळतो. सिक्युरिटी सेटिंग्ज जवळजवळ सगळी संगणकाच्या भागात असतात. ‘गायब’च्या कितीतरी तक्रारी इथेच संपतात.

अहवालात तीन जागा पाहा. लागू झालेल्या पॉलिसींची यादी, नाकारलेल्यांची यादी (शेजारी कारण दिलेले असते: सिक्युरिटी फिल्टरिंग म्हणजे कोणत्या गटांना लागू, डब्ल्यूएमआय फिल्टर म्हणजे संगणकाच्या माहितीवरून ठरणारी अट, रिकामी, लिंक बंद) आणि कंपोनंट स्टेटस. शेवटच्यात ‘सिक्युरिटी’पुढे ‘फेल्ड’ असेल तर बिघाड तिसऱ्या प्रकारचा. पॉलिसीचे नाव दोन्हीपैकी एकाही यादीत नसेल तर दुसऱ्या प्रकारचा. पॉलिसी लागू आहे, स्टेटसही ठीक आहे आणि तरी सेटिंग दिसत नाही, तर एक तर दुसरी पॉलिसी जिंकली आहे किंवा फक्त दाखवण्याची अडचण आहे. प्रत्येक सेटिंगपुढे ‘विनिंग जीपीओ’ (जिंकलेली पॉलिसी) असा रकाना असतो, तो वाचायचा आळस करू नका.

आणखी खोल जायचे असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ग्रुप पॉलिसीचा ‘ऑपरेशनल’ लॉग उघडा. ५३१२ क्रमांकाच्या नोंदीत लागू होणाऱ्या पॉलिसींची यादी असते, ५३१३ मध्ये गाळलेल्यांची.

ओळच दिसत नाही

सेकपॉल.एमएससी (स्थानिक सिक्युरिटी पॉलिसीची खिडकी) उघडल्यावर ‘सिक्युरिटी ऑप्शन्स’खाली जी लांबलचक यादी दिसते, तिच्यातला मोठा भाग विंडोज रजिस्ट्रीच्या (सेटिंग्ज साठवणाऱ्या डेटाबेसच्या) एका चावीवरून तयार करते: एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज एनटी\करंटव्हर्जन\सेकएडिट\रेग व्हॅल्यूज. ही चावी एखाद्या ‘रजिस्ट्री क्लीनर’ने किंवा जुन्या हार्डनिंग (सुरक्षा घट्ट करणाऱ्या) स्क्रिप्टने उडवली, की यादीतल्या ओळी नाहीशा होतात. मूळ मूल्ये रजिस्ट्रीत आपापल्या जागी असतात आणि लागूही असतात. गेलेली असते ती केवळ पाटी.

उपाय सोपा आहे. त्याच आवृत्तीच्या निरोगी सर्व्हरवरून ही चावी एक्स्पोर्ट करून आणा, किंवा

रेगएसव्हीआर३२ एससीईसीएलआय.डीएलएल

चालवा. त्याने विंडोज\आयएनएफ फोल्डरमधली एससीईआरईजीव्हीएल.आयएनएफ पुन्हा वाचली जाते आणि यादी नव्याने भरते. सर्व्हर २०१२ ची चावी २०२२ वर आणू नका.

‘एमएसएस’ने सुरू होणाऱ्या ओळी (मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सुरक्षा मार्गदर्शिकांतली जादा सेटिंग्ज) शोधत असाल, तर त्या इथे मुळातच नसतात. पूर्वी लोक ती आयएनएफ फाइल हाताने बदलून त्या घालत आणि विंडोजची आवृत्ती वाढवली की त्या जात. आता त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी कम्प्लायन्स टूलकिटमध्ये एमएसएस-लेगसी.एडीएमएक्स ही टेम्प्लेट फाइल (एडिटरला सेटिंग्जची नावे पुरवणारी) मिळते. ती बसवली की या ओळी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’खाली दिसतात, सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये नव्हे. जुन्या सवयीने तिथेच शोधत बसाल तर सापडणार नाहीत.

दुसरे कारण सेंट्रल स्टोअर, म्हणजे सगळ्यांसाठी एकच टेम्प्लेटांचा साठा. सिसव्हॉल म्हणजे डोमेन कंट्रोलरवरचे (डोमेनची खाती आणि पॉलिसी सांभाळणाऱ्या सर्व्हरवरचे) सामायिक फोल्डर. त्यातल्या ‘पॉलिसीज’ फोल्डरात ‘पॉलिसीडेफिनिशन्स’ नावाचे फोल्डर असेल, तर पॉलिसी एडिटर सर्व्हरवरच्या स्थानिक टेम्प्लेटांकडे ढुंकूनही पाहत नाही. ते फोल्डर २०१२ आर२ च्या काळात कुणी तरी बनवले आणि विसरले, की नव्या सर्व्हरवर बसून नवी सेटिंग्ज शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत. अहवालात अशी सेटिंग्ज ‘एक्स्ट्रा रजिस्ट्री सेटिंग्ज’ या मथळ्याखाली येतात. तो मथळा दिसला की समजा टेम्प्लेट हरवले आहे, पॉलिसी नाही. जुन्या फोल्डरची प्रत काढून ठेवा, मग सर्वांत नव्या आवृत्तीच्या एडीएमएक्स फाइली आणि त्यांच्या भाषेच्या फोल्डरातल्या एडीएमएल फाइली, दोन्ही टाका. एडीएमएक्स आली आणि जोडीची एडीएमएल राहिली, तर एडिटर उघडतानाच त्रुटी दाखवतो.

सर्व्हर कोअरवर (खिडक्यांविना चालणाऱ्या विंडोज सर्व्हरवर) सेकपॉलची खिडकी नसते. तिथे सध्याची स्थिती फाइलमध्ये काढून वाचायची: सेकएडिट /एक्स्पोर्ट /सीएफजी सी:\टेम्प\स्थिती.आयएनएफ.

पोचलेलीच नाही

आधी सर्व्हर कोणत्या ओयूमध्ये (ऑर्गनायझेशनल युनिट, डोमेनमधला पॉलिसी जोडता येणारा कप्पा) आहे ते पाहा. नवा सर्व्हर डोमेनमध्ये घातला की तो ‘कंप्युटर्स’ नावाच्या कंटेनरमध्ये पडतो. ते ओयू नाही, त्याला पॉलिसी जोडता येत नाही. कुणी तो हलवायला विसरले तर त्याला फक्त डोमेन पातळीवरच्या पॉलिसी मिळतात, आणि ‘निम्मेच पाळतो’ ही तक्रार बहुधा हीच असते. रीडायरसीएमपी आज्ञेने नव्या संगणकांची मुक्कामाची जागा एकदाच बदलून ठेवता येते.

मग डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा). शाखेतल्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर ‘इंटरनेट चालावे म्हणून’ दुसरा डीएनएस ८.८.८.८ किंवा राउटरचा पत्ता दिलेला आढळतो. पहिला डीएनएस जरा अडखळला की विंडोज दुसऱ्याकडे जाते आणि बाहेरच्या डीएनएसला तुमचे डोमेन कुठून माहीत असणार? कार्डावर फक्त आतले डीएनएस ठेवा, बाहेरचा पत्ता डोमेन कंट्रोलरच्या डीएनएसवर फॉरवर्डर (बाहेरची विचारणा पुढे पाठवायचा पत्ता) म्हणून द्या. तपासणी:

एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:डोमेनचे-नाव
एनएलटेस्ट /एससी_व्हेरिफाय:डोमेनचे-नाव

पहिली आज्ञा डोमेन कंट्रोलर सापडतो का ते सांगते, दुसरी त्याच्याशी असलेला विश्वासाचा धागा शाबूत आहे का ते. धागा तुटला असेल तर पॉवरशेलमध्ये टेस्ट-कंप्युटरसिक्युअरचॅनल -रिपेअर चालवा. सर्व्हर महिनाभर बंद राहिला म्हणून हा धागा तुटत नाही, कारण संगणकाचा पासवर्ड दर ३० दिवसांनी तो संगणकच बदलतो. तो तुटतो जुना स्नॅपशॉट (मशीनची जपून ठेवलेली जुनी अवस्था, जुन्या पासवर्डसह) परत आणल्याने.

सिस्टम लॉगमध्ये ११२९ म्हणजे डोमेन कंट्रोलरपर्यंत जाळेच पोचले नाही, १०५८ म्हणजे जीपीटी.आयएनआय (पॉलिसीच्या आवृत्तीची फाइल) वाचता आली नाही.

वेळ. केर्बेरॉसला (डोमेनमधली ओळख पडताळणाऱ्या पद्धतीला) ५ मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. पावसाळ्यात वीज जाते-येते, यूपीएस रिकामा होतो आणि सर्व्हरच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असली, तर उठल्यावर घड्याळ भलतीच तारीख दाखवते. डोमेन कंट्रोलर त्याला ओळख देत नाही आणि पॉलिसी येत नाही. डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स विचारा. उत्तर ‘लोकल सीमॉस क्लॉक’ आले तर वेळ कुठूनच घेतली जात नाही. हायपर-व्हीवरच्या (आभासी मशीन म्हणून चालणाऱ्या) डोमेन कंट्रोलरवर ‘व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर’ आले, तर तो यजमान मशीनच्या मागे चालला आहे, ते बंद करा. संपूर्ण डोमेनची वेळ पीडीसी एम्युलेटरकडून (ही भूमिका दिलेल्या एका डोमेन कंट्रोलरकडून) येते. त्याला एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) समय१.एनआयसी.इन किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरकडे वळवा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही वेळ याच दोन संस्थांच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, मिळवायला सांगितले आहे.

पावसाळ्यात बंद राहिलेला डोमेन कंट्रोलर

गोव्यात हे कारण वेगळे काढून सांगायला हवे. किनाऱ्यावरच्या हॉटेलाचा दुसरा डोमेन कंट्रोलर हंगाम संपला की जूनमध्ये बंद करतात आणि सप्टेंबरअखेर, चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर, पुन्हा चालू करतात. म्हणजे जवळजवळ १२० दिवस. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची (डोमेनमधल्या खात्यांच्या नोंदवहीची) टूमस्टोन मुदत, म्हणजे काढलेल्या नोंदींच्या खुणा ठेवायचा काळ, साधारण १८० दिवस असते (सर्व्हर २००३ एसपी१ पूर्वी उभारलेल्या जुन्या फॉरेस्टमध्ये, म्हणजे डोमेनांच्या समूहात, ६०), त्यामुळे डिरेक्टरीची देवाणघेवाण सुरळीत सुरू होते आणि सगळे ठीक वाटते. पण सिसव्हॉल वाहून नेणाऱ्या डीएफएसआरची (डीएफएस रेप्लिकेशन सेवेची) मुदत ६० दिवसांची आहे. ती ओलांडली की तो त्या सर्व्हरवर सिसव्हॉलची देवाणघेवाण थांबवतो आणि डीएफएस रेप्लिकेशन लॉगमध्ये ४०१२ नोंदवतो.

पॉलिसीचा अर्धा भाग डिरेक्टरीत असतो, अर्धा सिसव्हॉलमध्ये, आणि सिक्युरिटी सेटिंग्ज असतात त्या सिसव्हॉलच्या भागात. डिरेक्टरी नवी, फाइल जूनमधली. त्या डोमेन कंट्रोलरकडून पॉलिसी घेणाऱ्या सर्व्हरांना पावसाळ्यात केलेले बदल मिळत नाहीत. मुख्य कार्यालयात मात्र सगळे व्यवस्थित दिसते, म्हणून दोष शाखेवर ढकलला जातो.

खातरजमा अशी करा. ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंटमध्ये डोमेनवर उभे राहून ‘स्टेटस’ टॅबमधले ‘डिटेक्ट नाऊ’ दाबा. नाही तर दोन्ही डोमेन कंट्रोलरांच्या सिसव्हॉलमधली त्याच पॉलिसीची जीपीटी.आयएनआय समोरासमोर उघडा. तिच्यातला ‘व्हर्जन’ आकडा दोन भागांचा असतो: ६५५३६ ने भागून येणारा पूर्णांक वापरकर्त्याच्या भागाची आवृत्ती, उरलेली बाकी संगणकाच्या भागाची. ६५५३९ म्हणजे वापरकर्ता १, संगणक ३. एका ठिकाणी बाकी ३ आणि दुसरीकडे ७ निघाली, की बोट कुठे ठेवायचे ते कळले.

सिसव्हॉलच्या फाइली हाताने कॉपी करून प्रश्न सोडवायचा मोह होतो. तो टाळा. परवानग्या बिघडतात आणि देवाणघेवाण बंदच राहते. योग्य मार्ग म्हणजे मागे पडलेल्या सर्व्हरला चांगल्या जोडीदाराकडून नव्याने सगळे घ्यायला लावणे. चांगल्या सर्व्हरच्या सिसव्हॉलचा बॅकअप आधी घ्या. मग एडीएसआय एडिटमध्ये (डिरेक्टरीतली मूल्ये थेट बदलायच्या साधनात) मागे पडलेल्या सर्व्हरखाली डीएफएसआर-लोकलसेटिंग्ज, डोमेन सिस्टम व्हॉल्यूम, सिसव्हॉल सबस्क्रिप्शन असे उतरा आणि एमएसडीएफएसआर-एनेबल्ड ‘फॉल्स’ करा. डिरेक्टरीची देवाणघेवाण होऊ द्या, त्याच सर्व्हरवर डीएफएसआरडायग पोलएडी चालवा आणि ४११४ ची नोंद येईपर्यंत थांबा. मग ते मूल्य ‘ट्रू’ करा, पुन्हा देवाणघेवाण, पुन्हा पोलएडी. आधी ४६१४, मग ४६०४ आली की काम झाले. ४६१४ वर अडकले तर तो अजून जोडीदाराची वाट पाहतो आहे, जोडणी तपासा. डीएफएसआरडायग सापडत नसेल तर डीएफएस मॅनेजमेंट टूल्स बसवा.

पुढच्या हंगामासाठी: तो सर्व्हर महिन्यातून एकदा दिवसभर चालू ठेवायची व्यवस्था करा किंवा सरळ डिमोट करून (डोमेन कंट्रोलरची भूमिका काढून) बंद करा. टूमस्टोन मुदत उलटून गेलेला डोमेन कंट्रोलर मात्र जाळ्याला जोडूच नका, तो नव्याने उभारा.

याचा धाकटा भाऊ म्हणजे २२१३. वीज अचानक गेल्याने डीएफएसआरचा डेटाबेस नीट बंद झाला नाही, की ही नोंद येते. सर्व्हर २०१२ पर्यंत सेवा तशीच थांबून राहते, २०१२ आर२ पासून ती स्वतः सावरते. जुन्यांवर पुढे चालू करायची आज्ञा त्या नोंदीच्या मजकुरातच दिलेली असते, तिथूनच उचला.

फिल्टरांविषयी थोडक्यात. ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ (ओळख पटलेली सगळी खाती) काढून तिथे आपला गट घातला असेल, तर सर्व्हरच्या संगणक खात्याला वाचण्याचा आणि लागू करण्याचा, दोन्ही हक्क आहेत का पाहा. जून २०१६ च्या एमएस१६-०७२ सुधारणेनंतर वापरकर्त्याच्या पॉलिसीसुद्धा संगणकाच्या ओळखीने वाचल्या जातात, म्हणून ‘डोमेन कंप्युटर्स’ना निदान वाचण्याचा हक्क लागतो. आणि सर्व्हर नुकताच गटात घातला असेल तर तो रीस्टार्ट करा, गटाचे सदस्यत्व त्याला चालू होताना कळते.

पोचली, पण लागली नाही

अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये एससीईसीएलआयची (सिक्युरिटी सेटिंग्ज लावणाऱ्या विंडोजच्या भागाची) १२०२ नोंद शोधा. सोबतचा आकडा सगळे सांगतो.

०x५३४ सर्वांत जास्त भेटतो. अर्थ: पॉलिसीत लिहिलेल्या नावाचे खाते सापडत नाही. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते काढले, सेवेच्या खात्याचे नाव बदलले किंवा टाइप करताना एक अक्षर चुकले. कोणते नाव ते असे काढायचे. रजिस्ट्रीत विनलॉगॉन\जीपीएक्स्टेन्शन्सखाली ८२७डी३१९ई ने सुरू होणाऱ्या चावीत एक्स्टेन्शनडीबगलेव्हल हे डीवर्ड मूल्य २ करा, जीपीअपडेट /फोर्स चालवा, मग

फाइंड /आय "कॅनॉट फाइंड" %विनडिर%\सिक्युरिटी\लॉग्ज\विनलॉगॉन.लॉग

दोषी नाव समोर येईल. ते कोणत्या पॉलिसीत आहे हे शोधायला सिसव्हॉलच्या पॉलिसीज फोल्डरात सगळ्या जीपीटीटीएमपीएल.आयएनएफ (सिक्युरिटी सेटिंग्ज असलेल्या) फाइलींमध्ये फाइंडस्ट्र /एस /आय ने ते नाव शोधा. बदल मात्र एडिटरमधूनच करा. आयएनएफ हाताने बदलली तर आवृत्तीचा आकडा वाढत नाही आणि सर्व्हरांना बदल झाल्याचे कळत नाही.

०x४बी८ आले तर स्थानिक डेटाबेस, विंडोज\सिक्युरिटी\डेटाबेसमधली सेकएडिट.एसडीबी, बहुधा खराब झाली आहे. प्रत काढा, ईएसईएनटीयूटीएल /जी ने तपासा, खराब निघाली तर /पी ने दुरुस्त करा. काही जण इथे डिफॉल्टबेसचा (विंडोजच्या मूळ सिक्युरिटी सेटिंग्जचा) साचा ओतून मोकळे होतात. तो अगदी शेवटचा उपाय समजा, कारण सर्व्हरवर बसवलेल्या सॉफ्टवेअरने घेतलेले हक्क त्यात जाऊ शकतात. डोमेन कंट्रोलरवर तर तो साचा नकोच.

आता असा प्रकार, ज्यात कुठेही त्रुटी नोंदत नाही आणि तरी सेवा पडतात. ‘युजर राइट्स असाइनमेंट’मधल्या याद्या एकमेकींत मिसळत नाहीत. डोमेन पातळीवरच्या पॉलिसीत ‘लॉग ऑन अ‍ॅज अ सर्व्हिस’ला पाच खाती आहेत, ओयूच्या पॉलिसीत कुणी बॅकअपचे एक खाते घातले. सर्व्हरला सहा मिळत नाहीत, एकच मिळते. सेवा चालू असेपर्यंत काही जाणवत नाही, पुढच्या रीस्टार्टला डेटाबेसची सेवा उठत नाही आणि सिस्टम लॉगमध्ये ७०४१ दिसते. म्हणून हा हक्क कोणत्याही पॉलिसीत ठरवायचा असेल तर पूर्ण यादी तिथेच लिहा आणि ‘एनटी सर्व्हिस\ऑल सर्व्हिसेस’ विसरू नका. ते मुळात असते, पॉलिसीने यादी झाकली की जाते.

पासवर्ड आणि खाते लॉक होण्याचे नियम ओयूला जोडले तर ते तिथल्या सर्व्हरांच्या स्थानिक खात्यांनाच लागतात. डोमेनच्या खात्यांसाठी ते डोमेन पातळीवरच हवेत, गटानुसार वेगळे हवे असतील तर फाइन-ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी वापरा.

ऑडिटचे जरा फसवे आहे. अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी चालू असताना सेकपॉलमधल्या जुन्या नऊ ओळी ‘नो ऑडिटिंग’ दाखवू शकतात आणि पाहणाऱ्याला वाटते सगळे गेले. खरे उत्तर फक्त ऑडिटपॉल /गेट /कॅटेगरी:* देते. दोन्ही पद्धती एकत्र वापरू नका आणि उपवर्गांना प्राधान्य देणारे ‘फोर्स ऑडिट पॉलिसी सबकॅटेगरी’ सेटिंग चालू ठेवा.

सेटिंग कुणी रजिस्ट्रीत हाताने बदलले, तर पॉलिसी ते लगेच परत आणत नाही. सर्व्हर दर ९० मिनिटांनी, त्यात ३० मिनिटांपर्यंतची भर घालून, विचारपूस करतो (डोमेन कंट्रोलर दर ५ मिनिटांनी), पण पॉलिसी बदललेली नसेल तर काही करत नाही. सिक्युरिटी सेटिंग्ज मात्र काही बदल नसला तरी दर १६ तासांनी पुन्हा लावली जातात. ‘काल रात्री नव्हते, सकाळी आपोआप आले’ असे कुणी सांगितले तर आधी हे १६ तास मोजा, मग रात्री त्या सर्व्हरवर कोण लॉगिन होते ते पाहा.

दुरुस्तीनंतर सेकएडिट /एक्स्पोर्टने स्थिती काढून तारखेसह जपून ठेवा, पुढच्या वेळी टूलकिटमधल्या पॉलिसी अ‍ॅनालायझरमध्ये दोन फाइली शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो. आणि तो एक्स्टेन्शनडीबगलेव्हल पुन्हा ० करा, नाही तर विनलॉगॉन.लॉग गुपचूप वाढत राहते.